दरियागंजचे जुने पुस्तक आणि दोन नद्या

कोकणातल्या माणसाला 'दर्या' म्हटले की समुद्र दिसतो. फारसी आणि उर्दूत मात्र दरिया म्हणजे नदी, आणि गंज म्हणजे बाजारपेठ. दिल्लीतले दरियागंज म्हणजे नदीकाठची पेठ. शाहजहानने १६३९ साली लाल किल्ल्याचा पाया घातला, त्याला लागून शाहजहानाबाद वसवले, तेव्हा किल्ल्याच्या पूर्वेकडच्या तटाखालून जमुना वाहत होती. आज दरियागंजात उभे राहून नदी शोधू गेलात तर सापडत नाही. पात्र पूर्वेला सरकले आणि जिथे पाणी होते तिथून आता रिंग रोडची वाहने धावतात. पेठेच्या नावात तेवढी नदी शिल्लक राहिली आहे.

या भागात एक मशीद आहे, जीनत-उल-मसाजिद. औरंगजेबाची कन्या जीनतुन्निसा बेगम हिने ती अठराव्या शतकाच्या आरंभी बांधून घेतली. मराठी वाचकाला ही बेगम परकी नाही. येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या छावणीत कैदेत होते, तेव्हा त्यांच्याशी मायेने वागणारी ती हीच. तिने मशिदीसाठी जागा निवडली ती नदीच्या काठावर. आता मशीद जागेवर आहे आणि काठ दूर गेला आहे.

आम्ही दिल्लीला गेलो ते लेकीला भेटायला. ती जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये समाजकार्याचे शिक्षण घेते. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. कोकण रेल्वेने निघालो आणि निजामुद्दीनला उतरलो तेव्हा थंडीने दात वाजत होते. सामानात तिच्यासाठी कुळथाचे पीठ, आमसुले आणि सुका जवळा होता, आणि एक रिकामी मोठी पिशवी मुद्दाम घेतली होती. ती पुस्तकांसाठी.

त्या पिशवीमागे एक कारण आहे. आमचे घर चिपळूणचे. २०२१ साली २१ जुलैला बकरी ईद झाली. कुर्बानीचे वाटप, पाहुण्यांची जा-ये, सगळे भर पावसात उरकून रात्री थकून झोपलो. २२ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी शहरात शिरले. अंगणात आहे म्हणेपर्यंत ते खिडकीला लागले. आम्ही, दादी आणि मुले माळ्यावर गेलो. अल्लाहच्या कृपेने घरातली सगळी माणसे सुखरूप राहिली. शहरात सगळ्यांच्या नशिबी ते नव्हते. दोन दिवसांनी खाली उतरलो तेव्हा अब्बांचे कपाट उपडे पडले होते. त्यातली चाळीस वर्षांत जमवलेली उर्दू, मराठी, इंग्रजी पुस्तके चिखलाच्या विटा होऊन बसली होती. गावातले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २००५ च्या पुरात त्याची पुस्तके भिजली होती आणि या वेळी पुन्हा हजारो पुस्तके गेली. आमच्या कपाटाचे दुःख त्यापुढे लहान. पण घरात रिकामे कपाट उभे असले की येता-जाता नजर तिकडेच जाते. तेव्हापासून जिथे जाऊ तिथून दोन-चार जुनी पुस्तके आणायची, असे घरात ठरून गेले आहे.

लेक म्हणाली, "अब्बा, रविवारी काही ठेवू नका. महिला हाटला जायचं."

दिल्लीचा जुन्या पुस्तकांचा बाजार दरियागंजच्या पदपथावर रविवारी भरत असे. १९६० च्या दशकापासून पुस्तकवाले तिथे ताडपत्री अंथरून बसत. रहदारीला अडथळा होतो म्हणून उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१९ साली पदपथावरचा बाजार उठला. काही आठवडे पुस्तकवाल्यांना जागाच नव्हती. मग त्यांना जवळच आसफ अली रोडवरचे महिला हाटचे आवार मिळाले. आज अडीचशेहून अधिक विक्रेते तिथे बसतात. दिल्ली गेट मेट्रो स्थानकातून बाहेर पडले की पायी काही मिनिटांची वाट.

आवारात शिरलो तेव्हा दहा वाजत आले होते. एका बाजूला स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे डोंगर, दुसऱ्या बाजूला मुलांची चित्रांची पुस्तके. कुठे किलोच्या भावाने विक्री, कुठे 'कोई भी उठाओ पचास' अशी हाक. ही पुस्तके येतात कुठून, असे एका वयस्क विक्रेत्याला विचारले. तो म्हणाला, "कहीं लाइब्रेरी बंद हुई, किसी का मकान बिका, किसी के वालिद गुजर गए. रद्दीवाला बोरी लाता है, हम छांटते हैं." सहज स्वरात सांगितले त्याने, पण आम्हा दोघांना अब्बांचे कपाट आठवले. ते निदान कुणा विक्रेत्याच्या हाती गेले असते तरी बरे, असे वाटून गेले.

त्याच माणसाच्या ढिगात लेकीला एक जाडजूड पुस्तक मिळाले. पाचशेहून अधिक पाने, कागद पिवळा पडलेला, कणा चिकटपट्टीने सांधलेला. ग्रेगरी बेटसन यांचे 'स्टेप्स टू अॅन इकॉलॉजी ऑफ माइंड'. पहिल्यांदा १९७२ साली निघालेला निबंधसंग्रह. वर्गात कुटुंब-समुपदेशन शिकवताना हे नाव तिच्या कानावरून गेले होते.

"कितने का?"

"दो सौ. बाजी, इसका पढ़ने वाला साल में एक आता है."

"तो साल भर रुकने का किराया क्यों ले रहे हैं?" लेक म्हणाली. तो हसला आणि दीडशेला पुस्तक दिले.

त्याच फेरीत एक उर्दू शब्दकोश, मराठी बालकथांची दोन पुस्तके (दिल्लीच्या ढिगात ती कशी आली कोण जाणे) आणि कोकणाचा एक जुना नकाशा पिशवीत पडला. मग जामा मशिदीपर्यंत चालत गेलो. अंगणातल्या हौदावर वुजू केली, जोहर अदा केली आणि पूर्वेच्या पायऱ्यांवर बसून ते पुस्तक उघडले.

आधीच्या मालकाने त्यावर नाव घातले नव्हते. पण पेन्सिलीने जागोजाग खुणा केल्या होत्या आणि समासात बारीक उर्दू अक्षरात टिपणे होती. कुठे 'दुरुस्त', कुठे 'क्यों?', कुठे नुसते प्रश्नचिन्ह. हा माणूस एकेक निबंध दोन-दोनदा वाचत असावा, कारण काही ठिकाणी आपल्याच 'क्यों?'वर काट मारून खाली 'समझा' असे लिहिले होते.

बेटसन कोण, हे थोडक्यात सांगायला हवे. जन्म १९०४, इंग्लंडमधला. वडील विल्यम बेटसन हे आनुवंशशास्त्राच्या पहिल्या पिढीतले शास्त्रज्ञ. मेंडेलचे नाव म्हणून त्यांनी मुलाचे नाव ग्रेगरी ठेवले. मोठा भाऊ पहिल्या महायुद्धात मारला गेला, दुसऱ्याने १९२२ साली जीव दिला. धाकटा ग्रेगरी वडिलांचे जीवशास्त्र सोडून मानववंशशास्त्राकडे वळला. न्यू गिनीतल्या इयात्मुल लोकांत राहिला. पुढे पत्नी मार्गारेट मीड यांच्याबरोबर बालीतल्या एका डोंगरी गावात राहून त्याने हजारो छायाचित्रे काढली. आई मुलाला कसे उचलते, कसे खेळवते, मूल रडले की काय करते, याची. नंतर अमेरिकेत मनोरुग्णांच्या घरांचा अभ्यास केला, डॉल्फिन कसे शिकतात ते पाहिले. माणसाचे मन, समाजाच्या चालीरीती आणि निसर्ग या तीन वेगळ्या खोल्या नाहीत, एकाच घरातला वावर आहे, हे त्याचे आयुष्यभराचे म्हणणे. १९८० साली तो वारला.

एवढे विद्वान पुस्तक आपल्याला झेपेल का, ही शंका आम्हालाही होती. पण सुरुवातीचे निबंध म्हणजे एका बापाचे आणि त्याच्या लहान मुलीचे संवाद आहेत. मुलगी विचारते, वस्तू पुन्हा पुन्हा अस्ताव्यस्त का होतात? बाप तिला तिच्याच कपाटावरून समजावतो: नीटनेटके असण्याचे तुझ्या मते एक-दोनच प्रकार आहेत आणि अस्ताव्यस्त होण्याचे असंख्य, म्हणून वस्तू हलल्या की बहुधा पसाराच होतो. आमच्या धाकट्याने हे ऐकले आणि आपल्या दप्तराच्या बाजूने असा वकील मिळाल्याबद्दल त्याला फार आनंद झाला.

पुढे मेट्रोत बसल्यावर लेकीने आणखी एक निबंध समजावून दिला. दोन गट एकमेकांना पाहून वागू लागले की चढाओढ कशी वाढत जाते, यावर तो आहे. एकाने फुशारकी मारली की दुसरा दुप्पट मारतो, ते पाहून पहिला चौपट. कोणी एक वाईट नसतो. चक्रच तसे फिरते. बेटसनने हे इयात्मुल लोकांत पाहिले. आम्हाला आपल्याकडची लग्ने आठवली. एका घरी पाचशे ताटे झाली की दुसऱ्या घरी आठशे. मग हॉल, मग घोडा, मग आतशबाजी. प्रत्येक बाप मनातून कर्जाला भीत असतो आणि प्रत्येकाला वाटते की आपण फक्त समोरच्याला उत्तर देत आहोत. निकाह साधा असावा हे सगळ्यांना ठाऊक आहे, खुत्ब्यात ऐकलेलेही असते. तरी चक्र थांबत नाही, कारण ते थांबवायचे असेल तर कुणाला तरी उत्तर न देता राहावे लागते. हे एका घराला एकट्याने जड जाते. मोहल्ल्याने मिळून ठरवले तर जमते.

याच पुस्तकातला एक निबंध फार गाजला. घरात मुलाला एकाच वेळी दोन उलटे हुकूम मिळत असतील, तोंडाने 'जवळ ये' आणि अंगाने 'दूर हो', आणि त्यावर बोलायचीही सोय नसेल, तर मुलाचे काय होते, असा त्याचा प्रश्न. १९५६ साली बेटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाचे मूळ अशा कोंडीत असावे असे मांडले. लेकीने इथे बोट ठेवले. "अम्मी, हे पुढे टिकलं नाही. या आजाराला मेंदूची, आनुवंशिकतेची कारणं आहेत. आईच्या वागण्यानं तो होतो असं आता कोणी मानत नाही. त्या काळी कितीतरी आयांना उगाच दोष लागला." आमच्या नात्यात असा आजार असलेले एक घर आहे, आणि त्या माउलीने लोकांची बोलणी खूप ऐकली आहेत. म्हणून हे वाक्य आम्ही मुद्दाम इथे लिहीत आहोत. आजार म्हणून उपचार घ्यावा, दोष म्हणून लपवू नये. मात्र कोंडीत सापडलेल्या मुलाचे वर्णन मनाला लागण्यासारखे आहे. 'तुला आवडेल ते शीक' म्हणायचे आणि मुलाने आवड सांगितली की गप्प व्हायचे, हे कितीतरी घरांत चालते. मूल शब्द ऐकत नाही, गप्प होणे ऐकते.

जामिया मिल्लिया स्थानकाला उतरायचे होते, पण उतरलो नाही. त्याला कारण झाले समासातले एक टिपण.

बेटसनच्या एका निबंधात अमेरिकेतल्या एरी सरोवराचा उल्लेख येतो. त्या काळी कारखान्यांची आणि शहरांची घाण त्यात सोडली जात होती. त्याचे म्हणणे असे: आपण समजतो की घाण 'बाहेर' टाकली. पण ते सरोवर आपल्याच मोठ्या मनाच्या व्यवस्थेचा भाग आहे. त्याला वेड लावले तर ते वेड फिरून आपल्या विचारात येते. या ओळींखाली पेन्सिलीची जाड रेघ होती, आणि शेजारी समासात त्या अनोळखी वाचकाने एकच शब्द लिहिला होता: जमना.

लेक काही वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अजून उजेड आहे. कालिंदी कुंजपर्यंत जाऊ या?"

जामियानंतर ओखला विहार, जसोला विहार शाहीन बाग, आणि मग कालिंदी कुंज. जामियाची ओखल्यातली पहिली वीट १ मार्च १९३५ रोजी शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून बसवली गेली. तेव्हा ही सगळी नदीकाठची मोकळी रानजमीन होती. आता दाट वस्ती आहे. स्थानकातून पुलाकडे चालत गेलो. असरची वेळ झाली होती. वाटेतल्या मशिदीत नमाज अदा करून पुढे निघालो.

नदी दिसायच्या आधी तिचा वास आला. मग ओखला बंधारा दिसला आणि त्याखाली पांढरा फेस. दुरून पाहणाऱ्या धाकट्याला तो बर्फ वाटला. हा साबणाचा, डिटर्जंटचा आणि मैल्याचा फेस. न शुद्ध केलेले सांडपाणी नदीत येते, त्यातले फॉस्फेट आणि साबणी द्रव्ये बंधाऱ्यावरून पडताना घुसळली जातात आणि फेस धरतो. थंडीत तो अधिक दिसतो. जमुना यमुनोत्रीपासून प्रयागराजपर्यंत १,३७६ किलोमीटर वाहते. त्यात दिल्लीतला वजिराबाद ते ओखला हा तुकडा अवघा २२ किलोमीटरचा, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. आणि नदीतल्या एकूण प्रदूषणाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भार याच तुकड्यात पडतो. वजिराबादला शहर पिण्याचे पाणी उचलते, त्याच्या खालीच नजफगढचा मोठा नाला येऊन मिळतो. वर घ्यायचे, खाली सोडायचे. ओखल्याहून १८७० च्या दशकातला आग्रा कालवा निघतो आणि तेच पाणी पुढच्या शेतांना जाते. शेतातली भाजी फिरून ताटात. बेटसन ज्याला चक्र म्हणतो ते डोळ्यांसमोर होते.

आणि तरीही पाखरे होती. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला १९९० साली जाहीर झालेले ओखला पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके आणि कुरव येतात. फेसाच्या कडेला कुरवांचे थवे उतरत होते. काठावर एक बाई तान्ह्याला कडेवर घेऊन उभी होती. बोलता बोलता म्हणाली की लग्न होऊन ती इथे आली तेव्हा सासू या काठावर कपडे धूत असे. आता तिच्या मुलांच्या हातांना पाणी लागले की खाज सुटते.

लेकीला तिथे पुस्तकातला आंधळ्याचा दाखला आठवला. आंधळा काठी टेकत चालला आहे. त्याचे 'मी' कुठे संपते? हातापाशी, काठीच्या मुठीशी की टोकाशी? चालणे समजायचे तर रस्ता, काठी आणि माणूस हे सारे वर्तुळ एकत्र धरावे लागते, असे बेटसन सांगतो. लेक म्हणाली, "मग या शहराचं 'मी' कुठे संपतं, अब्बा? नळाशी की नाल्याशी?" आम्ही काही बोललो नाही. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावे, ही शिकवण लहानपणापासून ऐकली आहे. त्या शिकवणीत नदी आपल्याला दिलेली अमानत आहे, मालमत्ता नाही. त्या संध्याकाळी ती गोष्ट नव्याने कळली असे नाही. पण फेसासमोर उभे राहून आठवली तेव्हा ती जड वाटली.

परतीच्या गाडीत पुस्तक आळीपाळीने वाचले. माणूस आपल्या हेतूपुरता विचार करतो तेव्हा मोठ्या वर्तुळाचा एक तुकडाच त्याच्या नजरेत येतो आणि तेवढ्यावर तो उपाय करत सुटतो, असे बेटसन एका निबंधात मांडतो. गाडी कोकणात शिरली तेव्हा साहजिकच वाशिष्ठीवर बोलणे आले. आमच्या नदीचे वर्तुळही साधे नाही. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे पाणी मूळचे पूर्वेकडे जाणारे. पण सह्याद्रीच्या पोटातून ते पश्चिमेला वळवून त्यावर वीज तयार होते आणि ते पाणी पोफळीच्या बाजूने वाशिष्ठीत उतरते. महाराष्ट्रातली कितीतरी घरे त्या विजेवर उजळतात. त्यात डोंगरातून येणारा गाळ, खाडीतली भरती, पात्रालगत झालेली बांधकामे आणि अतोनात पाऊस. पुरानंतर गावात प्रत्येकाने यातले एकच कारण उचलले आणि त्यावरून भांडणे झाली. शेवटी लोक एकत्र बसले, साखळी उपोषण केले, तेव्हा पात्रातला गाळ उपसायला सुरुवात झाली. तो एक उपाय झाला. डोंगर कापणे आणि नाले बुजवणे थांबले नाही, तर गाळ पुन्हा येणार.

पुस्तक आता आमच्या घरी आहे. लेकीनेच ते पाठवून दिले, "तुम्ही वाचा, मला सुट्टीत वाचायला लागेल" म्हणून. अब्बांच्या जुन्या कपाटाची फळी आम्ही माळ्यावर, पुराच्या रेषेच्या वर ठोकली आहे. दादी आता पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही, पण समासातले उर्दू त्या चष्मा लावून वाचतात आणि अनोळखी वाचकासाठी दुआ करतात. त्याने 'जमना' लिहिले, त्याखाली आमच्या लेकीने पेन्सिलीने 'वाशिष्ठी' लिहिले आहे. मोहल्ल्यातली बारावीची दोन मुले सध्या बाप-मुलीचे संवाद मराठीत उतरवून पाहत आहेत.

वाचकांपैकी कोणी दिल्लीला गेले तर रविवारची सकाळ राखून ठेवावी. दहाच्या आत महिला हाटला पोचावे, सोबत मजबूत कापडी पिशवी आणि सुटे पैसे असावेत. भाव करावा, पण हसत करावा. तिथून व्हायोलेट मार्गाने कालकाजी मंदिर, तिथे गाडी बदलून मॅजेंटा मार्गाने कालिंदी कुंज. दिवस मावळायच्या आत पुलावर पोचावे. मुले बरोबर असतील तर फेस कशाचा आहे ते त्यांना तिथेच सांगावे, आणि घरी आल्यावर आपल्या गावची नदी दाखवायला न्यावे.